शेवट : निरंक

रुपराव गोहोकारांच्या बाहुल्यांच्या खेळात गाफीलराव दरवर्षी मार्च महिन्यात मरत असे.

कोराडीच्या वीज केंद्रात सुरक्षा सप्ताह आला, की कॉलनीच्या क्लबात हा खेळ लागायचा. गाफीलराव हेल्मेट न घालता शिडीवर चढायचा, पडायचा, मरायचा. त्याची बायको रडायची. मग सावधानराव नावाची बाहुली येऊन मेलेल्या माणसाकडे बोट दाखवत भाषण द्यायची, आणि पडदा. पहिल्या वर्षी पुढच्या रांगेतल्या बाया खरोखर रडल्या होत्या. पुढे पुढे पोरं "आता पडते, आता पडते" म्हणून ओरडू लागली. आणि गेल्या वर्षी गाफीलराव पडला तेव्हा समोर क्लबचा चपराशी लहानू आणि एक कुत्रं एवढेच उरले होते. लहानूला उठता येत नव्हतं, कारण पडदा ओढायचं काम त्याचं होतं. कुत्रं का थांबलं हे कळलं नाही. ते झोपलं होतं असं काही लोक म्हणतात, पण लोक काहीही म्हणतात.

या वर्षी क्लबच्या कमिटीनं ऑर्केस्ट्रा ठरवला. रुपराव स्टोअरमध्ये लिपिक. नटबोल्ट आणि हातमोजे मोजणाऱ्या माणसाला कॉलनीत कुणी नावानं ओळखत नसे, 'स्टोअरवाले' म्हणत. तरी ते कमिटीपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, की बाहुल्यांना अजून एक संधी द्यावी.

सेफ्टी ऑफिसर देवपुजारीसाहेब भले गृहस्थ होते. "देतो," ते म्हणाले. "पण गोहोकार, या वेळी काही जमलं नाही तर बाहुल्या स्टोअरला जमा. पेटीसकट."

आता इथे गोष्ट थांबवून घरातली एक बाब सांगायला हवी. रुपरावांनी ती कमिटीला सांगितली नाही, आणि सांगण्यासारखी ती नव्हतीही.

रुपराव आणि प्रेमिलाबाई यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, आणि भांडणही नव्हतं. घरात दिवसभराचं बोलणं म्हणजे "दूध आलं?" "आलं." "कपडे आत घेतले?" "घेतले." (वीज केंद्राच्या चिमणीची राख उतरायची, त्यामुळे कपड्यांबद्दल कॉलनीत सगळ्याच घरी बोलणं होई. त्याला संवाद म्हणता येत नाही.) पण फेब्रुवारी उजाडला, की बाहुल्यांची पेटी उघडली जायची. बाहुल्यांचे कपडे प्रेमिलाबाई शिवत. गाफीलरावाच्या बायकोचा आवाज त्याच काढत. मग दोघं चटईवर बसत, आणि "इथं रडू का तिथं रडू", "तुमचं कोपर दिसून राहिलं, हात खाली घ्या" असं बोलणं सुरू झालं, की पोळी तव्यावर करपली तरी थांबत नसे. मार्चमध्ये खेळ होई, पेटी बंद होई, आणि घर पुन्हा दुधावर येई.

बायकोशी बोलता यावं म्हणून चांगला नोकरीवाला माणूस कमिटीपुढे हात जोडतो, हे वाचायला बरं वाटत नाही. पण तसं होतं.

मग एक दिवस

थांबा. एक दिवस वगैरे नंतर. आधी हिरामणचं सांगितलं पाहिजे.

हिरामण मेश्राम टर्बाइनवर होता. ट्रेनिंगसाठी त्याला विलायतेला पाठवलं होतं आणि तो नुकताच परतला होता. "माह्या पोरानं तिकडं निस्ता पाव खाल्ला वं," हे त्याच्या आईनं, बायजाबाईनं, प्रत्येक दारात सांगून झालं होतं. टर्बाइनबद्दल हिरामणला कुणी काही विचारत नव्हतं. लोकांना तिकडची थंडी आणि तिकडचा टी.व्ही. हवा होता, कारण आपल्याकडे थंडी कमी होती आणि नागपुरात टी.व्ही. अजून यायचा होता.

"तिकडं टी.व्ही.वर पाच-सहा पोट्टे आहेत," हिरामण चहाच्या टपरीवर सांगत होता. "मोठ्या कॉलेजातले, शिकले-सवरले. बायाइचे झगे घालून येतात अन् काहीबी करतात. एक मानूस दुकानात जाते, तर दुकानच कोर्ट होऊन जाते. हसू येते, पन काहून आलं थे सांगता येत नाही. अन् मजा म्हंजे, शेवटच नाही!"

"शेवट नाही?" रुपराव बाकावरून पुढे सरकले.

"अजिबात नाही. मधातच बंद! अन् आमची घरमालकीन म्हने, या पोट्ट्याइनं बाहुलीवाले बी बिघडवले. पयले तिकडच्या बाहुल्या शान्या होत्या. आता एकमेकीले खाऊन टाकतात, मधातच फुटतात. गानं म्हनता म्हनता एखांदी गायबच होते. लोक पागल झाले तिकडं, रुपरावभाऊ. लहान पोरं अन् बुढे, दोन्ही."

रुपरावांचा चहा निवला. गाफीलरावाचं दुखणं त्यांना एका क्षणात कळलं. ते मरण्यात होतं. तो मरणार हे पोरांना माहीत होतं. शेवटच काढून घेतला, तर पोरं ओरडणार कशाला?

घरी येऊन त्यांनी हे प्रेमिलाबाईंना सांगितलं.

"म्हंजे मी रडू का नको?"

"रडायचंच नाही."

"मंग मी काय करू?"

याचं उत्तर रुपरावांकडे नव्हतं. पण नव्या पद्धतीचा माणूस उत्तरावाचून अडत नाही. ते म्हणाले, "तू म्हैस हो."

प्रेमिलाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठल्या, मोडक्या छत्रीचं काळं कापड काढलं आणि कात्री शोधू लागल्या.

खेळ असा ठरला. म्हैस स्टोअरमध्ये येते आणि हेल्मेट मागते. सावधानराव हेल्मेट देतो, पण त्याला शिंगांसाठी भोकं नसतात. भोकांसाठी वेगळी मागणी करावी लागते. डॉक्टर येतो, तो बसचा कंडक्टर निघतो आणि सगळ्यांना नागपूरच्या सीताबर्डीची तिकिटं देतो. आणि या सगळ्या वेळात गाफीलराव शिडीवर उभा राहून "पडू का?" विचारत राहतो आणि त्याला कुणी पडू देत नाही. तालमीत प्रेमिलाबाई इतक्या हसल्या, की सुई हरवली.

भिंती क्वार्टरच्या होत्या, म्हणजे नसल्यासारख्या. शेजारचे भैय्याजी, कोळसा विभागातले, सकाळी दात घासता घासता दारात उभे राहिले.

"रुपराव, मी सगळं ऐकून राहिलो. म्हैस बढिया आहे. पण तिचा मालक कोण? पब्लिक पूछेगी. मालक दाखवा."

"भैय्याजी, यात मालक नाही."

"बेवारस म्हैस? मग तिले कोंडणारं कांजी हाउस दाखवा."

मागच्या दारातून शेजारच्या यमुताईंनी सुचवलं, की म्हशीच्या तोंडी कुटुंबनियोजन घाला, त्याला ग्रँट मिळते. संध्याकाळी भैय्याजी पुन्हा आले. "मधात एक रामाचा प्रवेश टाका. राम असला का कोणी उठून जात नाही. पाप लागते." रुपराव म्हणाले, विलायती पद्धतीत राम बसत नाही. भैय्याजी दुखावले. "तुमची म्हैस बसते, अन् राम नाही बसत?" हे बोलणं पुढे वाढलं. त्यात कुणाचीच बाजू चांगली दिसत नाही, तेव्हा ते सोडून देऊ.

खरी अडचण कागदाची होती. क्लबात काहीही करायचं तर संहिता तीन प्रतींत सेफ्टी विभागाकडून मंजूर व्हायला हवी. रुपरावांनी ती दिली. परत आली. वर लाल शाईत: "शेवट जोडलेला नाही."

रुपरावांनी लिहिलं, शेवट नाही.

परत आली. "शेवट का नाही, याचा खुलासा व्हावा."

रुपरावांनी खुलासा केला, की सदर खेळ नवीन पद्धतीचा असल्याने शेवटाची आवश्यकता भासत नाही.

परत आली. "नवीन पद्धतीस मंजुरी कोणाची?"

(भैय्याजी विचारतात, म्हशीचं काय झालं. म्हैस तयार होऊन पेटीत पडून होती. तिलाही कागदाची वाट पाहावी लागली.)

शेवटी हेडक्लार्क दादाजी उमरे यांना दया आली. त्यांनी रुपरावांना खुर्ची दिली, स्वतःच्या डब्यातली सुपारी दिली.

"रुपराव, कागदावर 'नाही' लिहाचं नसते गा. 'नाही' म्हटलं का मागून 'काहून नाही' येते. निरंक लिहा. निरंकाले आजवर कोनी काही विचारलं नाही."

रुपरावांनी नवी प्रत केली. शेवट : निरंक. बोध : निरंक. समाप्तीची वेळ : निरंक. त्याच दुपारी देवपुजारीसाहेबांची सही होऊन मंजुरी आली, आणि तिच्या नकला रीतीप्रमाणे सगळ्या संबंधितांना गेल्या. मंडपवाल्याला गेली, माइकवाल्याला गेली, लहानूला गेली.

खेळाच्या संध्याकाळी खुर्च्या भरल्या. माणसं मागे उभी होती, पोरं खिडक्यांत बसली होती. याचं श्रेय भैय्याजींना द्यायला हवं. स्टोअरवाले स्टेजवर म्हैस आणणार, एवढंच त्यांनी कॉलनीभर सांगितलं होतं. कुठली म्हैस, हे सांगायचं राहून गेलं. पहिल्या रांगेत देवपुजारीसाहेब, त्यांच्या घरची मंडळी आणि नागपूरहून आलेले प्रमुख पाहुणे. खेळ संपल्यावर सुरक्षेवर त्यांचं भाषण होतं. भाषणाची गुंडाळी त्यांच्या हातात होती.

पडद्यामागे, बाहुल्यांच्या मंडपात, रुपराव हातांवर बाहुल्या चढवत होते. हिरामण शुभेच्छा द्यायला डोकावला.

"हिरामण, एक राहिलं," रुपराव म्हणाले. "ते मधातच बंद करतात, ते कसं? पडदा टाकतात?"

"नाही ना. निस्ता अंधार होते."

"अंधार कोण करतं?"

"कोनी नाही. घरमालकिनीच्या टी.व्ही.ले डब्बा होता. त्यात पैसा टाकाचा. पैसा सरला का टी.व्ही. बंद."

प्रेमिलाबाई म्हशीचं शिंग सरळ करत होत्या, त्यांचा हात थांबला.

"म्हणजे त्या पोरांच्या खेळाला शेवट," रुपराव म्हणाले, "असायचा?"

"असन बी," हिरामण म्हणाला. "मी कधी दुसरा पैसा टाकलाच नाही."

आणि लहानूनं पडदा उघडला.

मग पोरांना वर आलेलं काळं छत्रीचं कापड दिसलं, आणि खिडकीतून आवाज आला, "खरी म्हैस कुठं आहे?" "फसवलं बे!" खुर्च्या सरकू लागल्या. रुपरावांना कुत्र्याची आठवण झाली.

तेवढ्यात म्हैस खिडकीकडे वळली. "काहून गा," ती लांबवून म्हणाली, "मी तुले खोटी वाटून राहिली? तुह्या घरच्या चहात मंग दूध कोनाचं होतं?"

पहिलं हसू तिथे फुटलं. त्यानंतर भोकांचा प्रवेश आला, आणि कॉलनीतल्या प्रत्येक माणसानं आयुष्यात एकदा तरी स्टोअरच्या खिडकीवर अशी भोकं मागितलेली असल्यामुळे हसण्याचं कारण कुणाला सांगावं लागलं नाही. "हेल्मेट मंजूर आहे, भोक मंजूर नाही," सावधानराव म्हणाला. "मग शिंगं जमा करू का?" म्हैस म्हणाली. शिडीवरून गाफीलराव विचारी, "पडू का?" पोरं ओरडत, "पड! पड!" सावधानराव म्हणे, "थांब, तुझी पाळी नाही." प्रमुख पाहुणे भाषणाच्या गुंडाळीनं मांडीवर ताल धरत होते. कंडक्टरनं तिकिटं दिली, सगळे सीताबर्डीला निघाले, आणि रुपरावांनी लिहिलेलं सगळं संपलं.

त्यांनी मान तिरकी करून लहानूला खूण केली. लहानूनं खिशातून कागद काढून त्यांना दाखवला.

"पाड!" रुपराव कुजबुजले.

"समाप्ती निरंक लिहून आहे. मी कसा पाडू?"

"अरे, संपलं!"

"कागदावर नाही संपलं, साहेब. मागच्या साली पडदा जरासाक लवकर पाडला, तर मेमो भेटला मले."

रुपरावांचे दोन्ही हात वर अडकले होते, एकात सावधानराव, दुसऱ्यात शिडीवरचा गाफीलराव. लहानूपर्यंत पोचायला तिसरा हात नव्हता. सगळे वाट पाहत होते. आता काय, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मुळात रुपरावांना हवं होतं ते नेमकं हेच, हे त्यांना त्या क्षणी सुचलं नाही.

म्हैस हळूच सावधानरावाकडे वळली. हे लिहिलेलं नव्हतं.

"सायेब, तुम्ही घरी काय बोलता हो?"

रुपरावांनी बायकोकडे पाहिलं. प्रेमिलाबाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. त्या वर, म्हशीकडे पाहत होत्या.

"घरी?" सावधानराव म्हणाला. "घरी काय बोलायचं. दूध आलं का, विचारतो."

"दूध मी देते, अन् विचारता बायकोले!"

हसू. बायांच्या बाजूनं जरा जास्तच.

"अन् थे काय म्हनते?"

"आलं म्हणते."

"अन् थे खुश आहे का?"

"तक्रार नाही तिची."

"विचारलं?"

मग यमुताईंचा आवाज आला, "विचारा, विचारा! जवाब घ्या त्याचा!" आणि मागून कुणीतरी, "बोला ना, स्टोअरवाले!"

सात वर्षं काळजीपूर्वक दडवलेलं कोपर बाहेर पडावं, तसं झालं. सावधानराव कोण हे सगळ्या क्लबाला कळलं होतं. "हा सुरक्षेचा विषय नाही," सावधानराव म्हणाला.

देवपुजारीसाहेबांच्या मंडळींनी पदर तोंडाशी धरला आणि त्या खुर्चीतच वाकल्या.

"नाही कसा?" म्हैस म्हणाली. "बाई दिवसभर घरात गप बसते. आतून प्रेशर चढून राहिलं, अन् व्हॉल्व कुठं नाही. तुमच्या बॉयलरचं असं झालं तर भोंगा वाजवता ना तुम्ही?"

"मग तू कधी बोलली काहून नाहीस?" रुपराव म्हणाले. आवाज सावधानरावाचा काढायचा राहिला. तो त्यांचाच होता.

म्हैस त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही पेटी फेब्रुवारीत उघडता," ती म्हणाली. "मी काय निस्ती फेब्रुवारीतच असते?"

रुपरावांचा डावा हात मघापासून मुंग्या येऊन बधिर झाला होता. तो खाली आला. गाफीलराव कुणाची परवानगी न घेता शिडीवरून उताणा पडला, आणि क्लबचं छत उडेल एवढं लोक हसले. लोकांना वाटलं, हा नवीन पद्धतीचा भाग आहे.

देवपुजारीसाहेब ओणवे होऊन मंडपात शिरले. "गोहोकार, आवरा. पाहुण्यांचं भाषण आहे."

"साहेब, पडदा लहानूकडे आहे."

"लहानू, पाड."

"लेखी द्या, साहेब," लहानू म्हणाला. "मंजुरीवर सही तुमचीच आहे."

साहेबांनी खिसे चाचपले. पेन प्रमुख पाहुण्यांकडे होतं. मग साहेबांनी स्वतःच दोरी ओढली. पडदा अर्ध्यावर येऊन अडकला, आणि खालच्या अर्ध्यातून क्लबाला सेफ्टी ऑफिसरचे पाय दिसत राहिले. लोक उठले ते भाषणासाठी बसलेच नाहीत. बाया म्हैस पाहायला पडद्यामागे घुसल्या. प्रमुख पाहुण्यांचं भाषण निरंक झालं.

सगळे पांगल्यावर साहेबांनी रुपरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "खुर्च्या भरल्या, हे मी नाकारत नाही. पण सुरक्षेवर एक वाक्य नाही, पाहुणे न जेवता गेले. पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा. बाहुल्या जमा करा." मग इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "आणि आमच्या घरच्यांनी आत्ताच विचारलंय, 'आपण काय बोलतो हो घरी?' मला सांगा, गोहोकार, मी काय सांगू?"

रुपरावांना ते माहीत असतं, तर ही गोष्ट झालीच नसती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी स्टोअरला नेली, स्वतःच आणली, स्वतःच घेतली आणि निरुपयोगी साहित्याच्या फळीवर, तुटक्या पुलींच्या शेजारी ठेवली. दिवसभर खिडकीवर येणारा प्रत्येक जण भोकं मागत होता. घरी येताना भैय्याजींनी गाठलं. "मी सांगत होतो, मालक दाखवा. मालक असता तर म्हैस एवढी बोलली नसती." रुपरावांना यातलं सगळंच लागलं, पण कुठे लागलं ते नेमकं दाखवता आलं नसतं.

प्रेमिलाबाई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होत्या.

"जमा केल्या?"

"हो."

"म्हैस बी?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि काडी मोडली.

रुपराव चप्पल न काढता दारात उभे राहिले. दूध आलं का, हे विचारायची सोय आता उरली नव्हती. दोन्ही हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"कालचं तुझं," ते म्हणाले, "अर्धं राहिलं. साहेबांनी मधातच दोरी ओढली."

"हो ना."

"पुढे काय होतं?"

प्रेमिलाबाईंनी मान वर केली. थट्टा आहे का, ते नीट पाहून घेतलं. मग ताट अर्धं त्यांच्याकडे सरकवलं.

"चप्पल काढा पयले. अन् देठं जाड घेऊ नका, तुमची भाजी खाल्ली नाही जात. तर आपलं लग्न झालं, अन् तुमच्या आईनं मले विचारलं, तुले काय काय येते..."

रुपराव निवडत राहिले आणि ऐकत राहिले. मेथीच्या दोन्ही जुड्या निवडून झाल्या, तेव्हा प्रेमिलाबाई लग्नाच्या पहिल्याच महिन्यापर्यंत आल्या होत्या. रुपरावांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, उठून खुंटीवरची पिशवी घेतली, आणि आणखी मेथी आणायला बाजारात गेले.